उबंटूवर टॉमकॅट १०.१: जेएसपी चालते, सर्व्हलेटला मात्र ४०४

प्रश्न: उबंटू २४.०४, ओपनजेडीके १७ (जावा), त्यावर टॉमकॅट १०.१ हा जावाचा वेब सर्व्हर. मेव्हन या बिल्ड टूलने बनवलेली वॉर (पूर्ण वेब ॲपची एक फाइल) टॉमकॅटच्या वेबॲप्स फोल्डरमध्ये टाकली. ८०८० पोर्टवर जेएसपी (जावा कोड असलेलं वेबपेज) दिसते, पण सर्व्हलेटला (विनंतीला उत्तर देणारा जावा क्लास) ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', येतो आणि लॉगमध्ये एररही नाही. टॉमकॅट ९ वर हीच वॉर व्यवस्थित चालते. कुठे बघू?

उत्तर: सर्व्हलेटच्या कोडमधले इम्पोर्ट बघा. 'जावाएक्स.सर्व्हलेट' असेल तर कारण तेच. टॉमकॅट १० पासून पॅकेज 'जकार्ता.सर्व्हलेट' झालं. जुनं वेबसर्व्हलेट ॲनोटेशन (क्लास सर्व्हलेट असल्याची खूण) तो ओळखतच नाही, त्यामुळे सर्व्हलेटची नोंदच होत नाही. इम्पोर्ट बदला, पॉममध्ये (मेव्हनची सेटिंग फाइल) जकार्ता सर्व्हलेट एपीआय ६.० घ्या. त्याचा स्कोप 'प्रोव्हायडेड'च (म्हणजे सर्व्हर स्वतः देतो) ठेवा, नाहीतर त्या एपीआयचा जार (जावा लायब्ररीची फाइल) विनाकारण वॉरमध्ये शिरतो.

उत्तर: कोडला लगेच हात लावायचा नसेल तर वेबॲप्सच्या शेजारी 'वेबॲप्स-जावाईई' फोल्डर बनवून वॉर तिथे ठेवा, टॉमकॅट स्वतः तिचं जकार्तामध्ये रूपांतर करून ती वेबॲप्समध्ये टाकतो. आधीची वॉर आणि तिचं उघडलेलं फोल्डर अगोदर काढा. नव्या प्रोजेक्टला मात्र हा मार्ग नको.

उत्तर: पुढे टॉमकॅट सिस्टिमडीने (उबंटूची सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) सुरू करणार असाल तर बॅशआरसीतलं (टर्मिनलची सेटिंग फाइल) जावा-होम, म्हणजे जावा कुठे आहे तो पत्ता, त्याला दिसत नाही. ते टॉमकॅटच्या बिन फोल्डरमध्ये सेटएन्व्ह फाइल करून तिथे लिहा.