आघाडीवरची मैफल नेमकी कुणासाठी?

कोरडे पाषाण
व्हिएतनाम युद्धावरचा एक माहितीपट पाहिला. चिखल, स्ट्रेचर, हेलिकॉप्टरची घरघर आणि मध्येच अमेरिकी विनोदी नट बॉब होप. हातात गोल्फची काठी, शेजारी नटलेल्या मुली, समोर खिदळणारी हजारो पोरं. १९६४ ते १९७२, दर नाताळला हा गृहस्थ तिथे हजर. सोबत कॅमेरे असायचेच, कारण तोच कार्यक्रम पुढे टीव्हीवर घरोघरी दिसायचा.

माझं मत सरळ आहे. याचा उपयोग सैनिकापेक्षा घरी बसलेल्यांना जास्त होतो. 'आपली पोरं मजेत आहेत' म्हणत लोक निर्धास्त होतात आणि युद्ध आणखी एक वर्ष ओढलं जातं. १९६९च्या दौऱ्यात होपने सांगितलं की निक्सनकडे शांततेची योजना आहे, तेव्हा समोरच्या जवानांनीच हुर्यो उडवली. त्यांना कळत होतं.

कलाकारांनी जाऊच नये. पटत नसेल तर जरूर भांडा, फक्त 'देशसेवा' हा शब्द न वापरता.

तिसरी घंटा
एक तारा पकडून अख्खं आकाश मोजताय. सैनिकांचं मनोरंजन करणाऱ्या अमेरिकेच्या यूएसओ या संस्थेने १९४१ ते १९४७ या काळात ४ लाखांहून जास्त कार्यक्रम केले, ७,००० हून जास्त कलाकार घेऊन. यातले बहुतेक जादूगार, नकलाकार, ॲकॉर्डियन वाजवणारे. त्यांच्यामागे कुठला कॅमेरा फिरत होता?

अमेरिकी गायिका जेन फ्रोमन घ्या. २२ फेब्रुवारी १९४३ला सैनिकांसाठी गायला निघाली असताना लिस्बनजवळ विमान नदीत कोसळलं. त्याच विमानातली टमारा ड्रासिन ही गायिका गेली. फ्रोमनचा पाय कापावा लागणार अशी वेळ आली, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. आणि १९४५ला ही बाई कुबड्या घेऊन पुन्हा युरोपात गेली, ९५ कार्यक्रम केले. पाय गमावून खाटेवर पडलेल्या पोरासमोर कुबड्यांवर उभी राहून कुणी गात असेल, तर त्या पोराला काय वाटलं असेल ते तुम्ही-मी घरी बसून ठरवू नये.

उंटावरून
सैनिकांना फार दर्जेदार काही बघायला मिळायचं असं समजू नका हं. सैनिकांसाठी कार्यक्रम करणाऱ्या ब्रिटिशांच्या 'एन्सा' या संस्थेच्या आद्याक्षरांचा जवानांनी लावलेला अर्थ होता 'रोज रात्री काहीतरी भयंकर'. तरी जायचे. पर्याय काय, तर तंबूत बसून मोजे वाळवणं.

कोरडे पाषाण
@तिसरी घंटा, फ्रोमनला माझाही नमस्कार. पण मी कलाकाराच्या मनाबद्दल बोलतच नाहीये, त्याला वापरणाऱ्याबद्दल बोलतोय. सोव्हिएत गायिका लिदिया रुस्लानोव्हा अख्खं युद्ध आघाडीवर गात फिरली. मे १९४५मध्ये बर्लिन पडलं, तेव्हा राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, पायऱ्यांवर तिचं गाणं झालं. १९४८ला त्याच सरकारने तिला अटक केली, सुटली १९५३ला. गाणं हवं होतं, गाणारी चालेनाशी झाली.

सरळरेषा
वापरणाऱ्याच्या हातात गाणं राहतं, हेच मला मान्य नाही. 'लिली मार्लेन' हे जर्मन गाणं बघा. लाले आंडर्सनने १९३९ला गायलं. १९४१पासून बेलग्रेडच्या जर्मन लष्करी केंद्रावरून ते रोज रात्री लागायला लागलं आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात समोरच्या बाजूचे ब्रिटिश सैनिकही ऐकायला लागले. गोबेल्सला ते अजिबात आवडत नव्हतं. प्रचारखात्याचा प्रमुखच नाक मुरडतोय आणि शत्रू गुणगुणतोय, याला जाहिरात म्हणायचं?

ब्रिटिश गायिका व्हेरा लिनचंही तसंच. बीबीसीवरचा तिचा कार्यक्रम १९४१मध्ये सुरू झाला, तेव्हा वरच्या मंडळींना भीती की असली हळवी गाणी ऐकून सैनिक मऊ पडतील. सैनिकांची फर्माईश मात्र थांबेना. १९४४ला ती ब्रह्मदेशात गेली, ज्या चौदाव्या सेनेला सगळे 'विसरलेली फौज' म्हणायचे तिथे. तुमच्या हिशेबाने तर युद्ध चालवणाऱ्यांनी तिला डोक्यावर घ्यायला हवं होतं.

मृद्गंध
आपल्याकडे लताबाईंनी १९६३ला जवानांसमोर गायलं तेव्हा नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याला कुणी ढोंग म्हणेल का?

तिसरी घंटा
@मृद्गंध, मी तुमच्याच बाजूने आहे, पण तो कार्यक्रम २७ जानेवारी १९६३चा, दिल्लीतला, निधीसाठीचा. आघाडीवरचा नव्हे. जवानांपर्यंत जाणाऱ्यांचं उदाहरण हवं तर सुनील दत्त यांचं अजंता आर्ट्सचं पथक घ्या.

बिनतारी
मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनात होतो. वर्ष आणि ठिकाण लिहीत नाही.

पाषाण, तुमचं निम्मं बरोबर आहे. एक मोठा नट आला होता. त्याआधी दोन दिवस आम्ही जमीन सपाट करत होतो. पुढच्या रांगा साहेबांच्या, मग हुद्द्याप्रमाणे, आम्ही टेकाडावर. तो चाळीस मिनिटं बोलला, फोटो काढले, गेला. काय बोलला, एक अक्षर आठवत नाही.

पण त्याच्यासोबत आलेले वाजवणारे त्या रात्री आमच्याकडेच अडकले. जेवणं झाल्यावर पेटी निघाली. थोड्या वेळाने दिवे बंद करायचा हुकूम आला. आम्हाला वाटलं संपलं. पेटीवाला अंधारात हळूच म्हणाला, "आता तुमच्यातलं कुणी म्हणा, मी बघतो." आमच्या सेक्शनमधला एक पोरगा होता, एरवी वायरलेसवर बोलायचा तेवढंच बोलणारा. त्याने गावाकडचं काहीतरी सुरू केलं, भलत्याच सुरात. पेटीवाला त्याच्या मागे मागे चाचपडत गेला, दोन-तीन पट्ट्या चुकल्या, आणि मग सापडला. सापडल्यावर पोराचा आवाज जो मोकळा झाला तो झाला. आम्ही थक्क. हा गातो हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो पुढे परत आला नाही. त्याचा फोटो आहे माझ्याकडे, पण आवाज आठवतो तो त्या रात्रीचाच.

तर तुमचा नट नाही आला तरी चालेल. पेटीवाल्याला मात्र अडवू नका.

उंटावरून
माझे मोजे वगैरे मागे घेतो.

कोरडे पाषाण
@बिनतारी, यावर वाद घालणार नाही. पण एक सांगू? पेटीवाल्यासारख्यांचीच किंमत सगळ्यात कमी धरली जाते. ऑस्ट्रेलियाची गायिका कॅथी वेन, १९ वर्षांची. २० जुलै १९६९ला व्हिएतनाममध्ये दा नांगजवळच्या अमेरिकी तळावर गाताना गोळी लागून मेली. शत्रूची नव्हे, तिथल्याच पिस्तुलातली. होपचं नाव सगळ्यांना पाठ, तिचं कुणाला माहीत आहे? 'जाऊच नये' हे मी मागे घेतो. पण पाठवणाऱ्यांनी आधी ही नावं पाठ करावीत. कॅमेरे नेऊ नयेत, हे मात्र कायम.

तिसरी घंटा
कॅमेरे नकोत, कबूल. तुमच्याशी कधी एकमत होईल असं वाटलं नव्हतं.

मृद्गंध
@बिनतारी काका, त्या पेटीवाल्याचं नाव काय होतं?

बिनतारी
विचारलंच नाही. सकाळी ट्रक सहाला निघाला, आम्ही ड्युटीवर. पट्टी सापडली तेव्हा तो स्वतःशीच "काळी दोन" म्हणाला होता, तेवढं लक्षात आहे.