डूडल, कॉकापू की शेल्टरमधलं गावठी? ज्यांनी सांभाळलंय त्यांचे अनुभव

पूडल या कुरळ्या केसांच्या जातीशी इतर जातींचा संकर करून झालेली लॅब्राडूडल, गोल्डनडूडल, कॉकापू, कव्हापू, माल्टीपू ही पिल्लं परदेशात आता सर्रास दिसतात आणि पुण्या-मुंबईतही विकायला असतात. त्याच वेळी शेल्टरं भरून वाहताहेत. कुत्रा आणायचं ठरलेल्या घरात यावरून वाद होतोच, आणि दोन्हीकडून ऐकीव माहितीच जास्त सांगितली जाते. म्हणून ज्यांनी प्रत्यक्ष सांभाळलंय त्यांनी लिहावं: केस, खर्च, आजार, अ‍ॅलर्जी, स्वभाव, शेजारी, सगळं.

थोडी पूर्वपीठिका देते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वॉली कॉनरन ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या रॉयल गाईड डॉग्ज संस्थेत पैदाशीचं काम बघत होते. हवाईतल्या एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. कॉनरननी लॅब्रॅडॉर आणि स्टँडर्ड पूडलचा संकर केला. तीन पिल्लं झाली. लाळेचे आणि केसांचे नमुने हवाईला पाठवले, तर त्या गृहस्थांना त्यातलं एकच पिल्लू चाललं. उरलेल्या दोघांना संकरित म्हणून कोणी घेईना, तेव्हा ‘लॅब्राडूडल’ हे नाव पुढे आलं आणि मागणीचा ओघ सुरू झाला. त्यातून माजलेली बाजारू पैदास बघून कॉनरननी पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केली. एकाच वेतातल्या तीन पिल्लांत एवढा फरक पडला, हे आज ‘अ‍ॅलर्जी-फ्री’ पिल्लं विकणारा कोणी सांगत नाही. याचा मला खरोखर राग येतो.

मेलबर्न

आमची कॉफी लॅब्राडूडल आहे आणि ती आमचा जीव आहे. केस गळत नाहीत, हे तिच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं आहे. पण गळलेला केस जमिनीवर पडत नाही म्हणजे तो अंगावरच्या कुरळ्या केसांत अडकून बसतो आणि त्याचा गुंता होतो. पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठे केस येतात ते महिने सर्वांत कठीण. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली रोज बोटं घालून बघावं लागतं. वरवर ब्रश फिरवला तर कुत्रा छान दिसतो, पण आत कातडीजवळ नमद्यासारखा थर धरतो. मग ग्रूमरकडे अख्खा कुत्रा भादरण्याशिवाय उपाय उरत नाही. त्यामुळे केसांचे थर उलगडत मुळापासून कंगवा घालायचा, आणि सहा ते आठ आठवड्यांनी ग्रूमिंग. ते इथे स्वस्त नाही. घ्यायच्या आधी वर्षाचा हिशोब मांडा.

दुसरं म्हणजे कान. लोंबते कान, आत केस आणि पाण्याची आवड. पोहून आल्यावर कान कोरडे केले नाहीत की संसर्ग झालाच. आणि व्यायाम! लॅब आणि पूडल दोन्ही मुळात पाण्यातली शिकार उचलून आणणारे कुत्रे. सोफ्यावर शांत बसणारं खेळणं कोणाला हवं असेल तर हा कुत्रा नव्हे.

आम्ही घेतलं तिथे आई समोर होती, आई-बाप दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे आणि डोळ्यांच्या जनुकीय चाचण्यांचे कागद दाखवले गेले. जे कागद दाखवत नाहीत त्यांच्याकडून घेऊ नका.

पुणे, सिंहगड रोड

आमची राणी शेल्टरमधून आली तेव्हा साधारण दोन वर्षांची होती. डाव्या कानाला खूण, म्हणजे नसबंदी झालेली. पहिले काही दिवस ती डायनिंग टेबलाखालून हललीच नाही. लिफ्टला घाबरायची, झाडू उचलला की लघवी व्हायची. सासूबाईंना घरात कुत्रा मुळीच नको होता. पण भाकरी करताना त्या एक चतकोर टेबलाखाली सरकवायच्या, तिच्याकडे न बघता, न बोलता. आम्ही सगळे लाडाने हाका मारत होतो आणि ती बाहेर आली ती त्यांच्या पायाशी. नव्या कुत्र्याला सुरुवातीला एकटं सोडणं म्हणजे काय, ते मला त्यांच्याकडून कळलं.

अडचणीही सांगते. आल्यावर महिन्याभरात गोचीडताप झाला. हिरड्या पांढऱ्या, खाणं बंद, प्लेटलेट घसरलेल्या. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केलं, बरेच दिवस चाललं. तेव्हा शेल्टरमधून आणल्याबरोबर रक्ततपासणी करून घ्या, लक्षणं दिसायची वाट बघू नका. सोसायटीने ‘कुत्रे पाळण्यास मनाई’ असा ठराव पुढे केला होता. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांनुसार सोसायटीला अशी सरसकट बंदी घालता येत नाही. त्या सूचनांची प्रत, महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाचं कार्ड अशी फाईलच सेक्रेटरींना दिली. विषय संपला.

केसांचं काम? आठवड्यातून एकदा रबरी ब्रश.

नाशिक (मी पशुवैद्य आहे)

दोन्ही बाजूंचा एक समज खोडतो. ‘संकर म्हणजे निरोगी’ हे सरसकट खरं नाही. आई आणि बाप वेगळ्या जातींचे असले, पण दोघांत एकाच आजाराचं जनुक दडलेलं असलं, तर संकराने संरक्षण मिळत नाही. दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक आजार पूडलमध्येही आहे, लॅब आणि कॉकरमध्येही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२४ मध्ये कॉकापू, कव्हापू, लॅब्राडूडल आणि त्यांच्या मूळ जाती यांची ५७ आजारांबाबत तुलना प्रसिद्ध केली. बहुतेक तुलनांत फरक आढळला नाही. म्हणजे ही पिल्लं जास्त आजारी नाहीत, पण ‘जास्त निरोगी’ म्हणून जे पैसे घेतले जातात त्यालाही आधार नाही.

गावठी कुत्र्याचं म्हणाल तर माणसाने ठरावीक रूपासाठी त्याची निवड केलेली नाही, त्यामुळे बसकं नाक, श्वासाचे त्रास असलं काही त्याच्या वाट्याला येत नाही. पण पार्व्हो आणि डिस्टेंपर हे जीवघेणे संसर्गजन्य आजार त्याला सोडत नाहीत. ‘गावठी आहे, लस कशाला’ म्हणणाऱ्यांची पिल्लं माझ्या टेबलावर मेली आहेत. कृपया असं करू नका.

ठाणे

मुलाला अ‍ॅलर्जी, म्हणून आम्ही माल्टीपू घेणार होतो. डॉक्टरांनी समजावलं की त्रास देणारी प्रथिनं लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत असतात. केस फक्त ती इकडेतिकडे नेतो. मैत्रिणीकडच्या माल्टीपूबरोबर मुलगा खेळला आणि रात्री डोळे सुजले. मग एका संस्थेकडून कुत्रा आधी फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता सांभाळायला आणला, डॉक्टरांना सांगूनच. पहिल्याबरोबर शिंका थांबेनात, तो परत गेला आणि दुसऱ्या घरी छान रुळला. दुसरी, एक आखूड केसांची काळी कुत्री, मुलाला चालली. का, ते डॉक्टरांनाही नेमकं सांगता येत नाही. पण विकतच्या पिल्लाबरोबर अशी परीक्षा करून बघू देतं का कोणी?

ब्रिस्टल

इथे इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून लूसीज लॉ आहे. सहा महिन्यांखालचं पिल्लू मधल्या विक्रेत्याला विकता येत नाही. जिथे जन्मलं तिथे, आईसोबत दाखवावं लागतं. तरी आम्हाला एकाने फोनवर सांगितलं, ‘हायवेवरच्या पार्किंगमध्ये या, पिल्लू आणून देतो.’ गेलो नाही. शेवटी कॉकापूच आणला, पण रेस्क्यूमधून, म्हणजे सोडून दिलेले कुत्रे सांभाळणाऱ्या संस्थेतून, तीन वर्षांचा. लॉकडाऊनमध्ये घेतलेले आणि नंतर नकोसे झालेले असे कितीतरी डूडल आता तिथेच येतात. तेव्हा धाग्याच्या शीर्षकातला ‘की’ इथे तरी पुरेसा नाही. रेस्क्यूवाल्यांनी घर पाहिलं, कुंपणाची उंची मोजली, दिवसभर घरी कोण असतं विचारलं. नवऱ्याला ती चौकशी जाचक वाटली. मला ती फार आवडली.

म्हापसा, गोवा

आमच्याकडे पर्यटक हंगामात शॅकवरच्या (किनाऱ्यावरच्या हंगामी हॉटेलांतल्या) पिल्लांना खाऊपिऊ घालतात, नावं ठेवतात आणि जातात. पावसाळ्यात शॅक बंद झाले की ती उपाशी. दोन तशीच उचलून आणलेली आहेत. गोव्यात रेबीजविरोधी लसीकरण घरोघर आणि रस्त्यारस्त्यावर झालंय, त्यामुळे भटकं पिल्लू घरात आणायची लोकांची भीती खूप कमी झाली, हे आवर्जून सांगते.

म्युनिक

परदेशी जायचंय म्हणून गावठी दत्तक घेत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी. आमचा बंड्या पुण्याहून इथे आला. क्रम पाळा: आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत, रेबीजविरोधी प्रतिपिंडं ०.५ आययू प्रति मिलीलीटर किंवा जास्त हवीत. नमुना घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. म्हणजे व्हिसाचं चक्र सुरू झालं की त्याच आठवड्यात कुत्र्याचंही सुरू करा. इथे आल्यावर कुत्र्याचा कर भरावा लागतो. बाकी थंडीत अंगावर स्वेटर घालून तो मजेत बर्फात लोळतो.

धागाकर्ती

पुण्याच्या ताई, तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. ठाणेकर, ‘आधी फॉस्टर’ हे मला अजिबात सुचलं नव्हतं. वयस्कर कुत्र्यांबद्दल कोणी लिहील का? माझे आईबाबा सत्तरीत आहेत, त्यांना पिल्लू झेपणार नाही.

कोल्हापूर

मी लिहितो. वय ६८, घरी आम्ही दोघंच. शेल्टरमधून नऊ वर्षांचा लॅब आणला. मालक परगावी गेले म्हणून सोडलेला. घरात घाण करत नाही, दोरी ओढत नाही, सकाळी रंकाळ्यावर माझ्याच चालीनं चालतो. सांधे दुखतात त्याचे, म्हणून वजन आटोक्यात ठेवतो, फरशीवर सतरंज्या घातल्यात आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू आहे. माणसाची वेदनाशामक गोळी मात्र कधीही देऊ नका, कुत्र्याला ती विषारी ठरू शकते. आमच्यानंतर त्याला कोण नेणार, हे पुतण्याशी बोलून संस्थेच्या फॉर्मवर लिहून दिलंय. तुमच्या आईबाबांनीही ते आधी ठरवावं, आणि कुत्रा बघायला त्यांना स्वतःला घेऊन जा. फोटोवरून ठरवू नका.