अमेरिका : वॉरंटशिवाय पोलीस घरात शिरले, सासरे ‘येस, येस’ म्हणाले. ही संमती धरतात का?

मंडळी, मदत हवी आहे. अमेरिकेतल्या कायद्याची माहिती असणाऱ्यांनी किंवा अशा प्रसंगातून गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. घर आमच्या मालकीचं आहे. शहर आणि राज्य मुद्दाम सांगत नाही.

नुकताच आमच्या भागात गोळीबार झाला आणि गोळ्या झाडणारा माणूस पायी पळाला. ‘घरातच थांबा’ असा इशारा सगळ्यांच्या फोनवर आला. आम्ही दोघं कामावर होतो, घरी फक्त सासू-सासरे. ते भारतातून काही महिन्यांसाठी आलेत. दारावर थापा पडल्या म्हणून बाबांनी दार उघडलं. समोर हत्यारबंद पोलीस. घर बघायचंय असं काहीतरी ते म्हणाले, बाबा ‘येस, येस’ म्हणत बाजूला झाले. बाबा ठामपणे सांगतात की तोवर एकाचा पाय उंबऱ्याच्या आत आला होता.

बेसमेंट, गॅरेज, मोठी कपाटं बघितली, त्याबद्दल तक्रार नाही. माणूस शोधायचा तर बघणारच. पण नवऱ्याच्या टेबलाचे खण बाहेर ओढलेले होते आणि पासपोर्ट-व्हिसाच्या कागदांची फाइल पलंगावर उघडी पडली होती. लाँड्रीच्या खोलीचं दार नेहमी कुलपात असतं, कारण तिथे औषधं ठेवतो. ते लाथेने उघडलंय. चौकट वरपासून खालपर्यंत चिरली आहे, कुलूप बसतं ती पट्टी स्क्रूंसकट उखडली आहे. किल्ली तिथेच भिंतीवरच्या खिळ्याला होती, कोणी विचारलंही नाही. काही नेलं नाही, पण जाताना एक कागदही दिला नाही.

आणीबाणीत वॉरंट लागत नाही हे ऐकून आहे. पण मग मर्यादा काय? आणि बाबांचं ‘येस’ कायद्याने संमती ठरतं का? ते आता दाराची बेल वाजली तरी दचकतात, ‘माझ्यामुळे झालं’ म्हणतात. त्यांना खरं उत्तर द्यायचं आहे.

प्रतिसाद

आधी बाबांना सांगा की त्यांचं काहीही चुकलेलं नाही. वकिलांच्या ऑफिसात बरीच वर्षं काम केलंय, त्या आधारावर लिहितो. तुमच्या राज्यातल्या वकिलाला मात्र विचाराच.

चौथ्या घटनादुरुस्तीनुसार घरात शिरायला वॉरंट हा नियम आहे, आणीबाणी हा त्याला अपवाद. आत कोणी जखमी असणं, पोलीस गुन्हेगाराच्या पाठीवरच असणं, पुरावा नष्ट होत असणं ही ठरलेली कारणं. २००६ च्या ब्रिघम सिटी खटल्यात पोलिसांना बाहेरूनच मारामारी दिसत होती, म्हणून त्यांचं आत जाणं योग्य ठरलं. १९६७ च्या वॉर्डन विरुद्ध हेडन खटल्यात दरोडेखोर नेमका त्याच घरात शिरल्याची माहिती पोलिसांना मिळाली होती. दोन्हीकडे ‘हेच घर का?’ याला उत्तर होतं. तुमच्या प्रकरणात कळीचा प्रश्न तोच आहे. तो माणूस तुमच्या आवारात दिसला होता, की रांगेतलं प्रत्येक घर बघत चालले होते? सबंध वस्तीची घरं वॉरंटशिवाय तपासण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा थेट निकाल नाही. उलट, लोकांची काळजी घेणं हे पोलिसांचं काम असलं तरी तेवढ्यावर घरात शिरायचा वेगळा परवाना मिळत नाही, हे २०२१ च्या कॅनिग्लिया खटल्यात नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं.

आता खणांचं. माझ्या मते तुमची बाजू इथे सगळ्यात भक्कम आहे. आणीबाणी असेल तेवढीच झडती. माणूस शोधताय तर माणूस मावेल तिथेच बघा. १९७८ च्या मिन्सी विरुद्ध अ‍ॅरिझोना खटल्यात एका पोलिसाचा जीव गेला होता, तरीसुद्धा नंतर त्या फ्लॅटची वॉरंटशिवाय चार दिवस चाललेली झडती न्यायालयाने बेकायदा ठरवली. जखमींना मदत करणं, आणखी कोणी लपलंय का बघणं इथपर्यंत ठीक, त्यापुढे वॉरंट हवं.

संमती खुशीची असावी लागते. ‘आम्हाला अधिकार आहे’ असा आव आणणाऱ्यापुढे मान तुकवणं म्हणजे संमती नव्हे, हे १९६८ च्या बंपर खटल्यापासून पक्कं आहे. भाषा किती कळत होती, हत्यारं किती होती, हे सगळं न्यायालय बघतं. पण ‘तुम्ही नाही म्हणू शकता’ असं सांगायचं बंधन पोलिसांवर नाही, हेही लक्षात ठेवा.

प्रतिसाद

यात भर घालते. बाबा पाहुणे आहेत, हा मुद्दा सोडू नका. पाहुण्याला मुलाच्या टेबलाचे खण उघडू द्यायचा अधिकार सहसा नसतो. मात्र समोरच्याला तो अधिकार आहे असा पोलिसांचा वाजवी समज झाला असेल तर झडती टिकू शकते, हा १९९० च्या इलिनॉय विरुद्ध रॉड्रिग्ज खटल्याचा निकाल. म्हणून बाबा नेमकं काय म्हणाले आणि पाय आधी आत आला की ‘येस’ आधी, हे आजच त्यांच्याच शब्दांत, मराठीत, तारीख घालून लिहून ठेवा.

बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर एप्रिल २०१३ मध्ये वॉटरटाउनमध्ये घरोघरी शोध झाला, तेव्हाही ‘नाही म्हणता आलं असतं का?’ हाच प्रश्न लोक विचारत होते. आणि संशयित शेवटी सापडला तो एका घरमालकाला, मागच्या अंगणातल्या बोटीत, बाहेर पडायची मुभा मिळाल्यावर.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. दाराच्या बेलचा कॅमेरा आहे हे इतक्या गडबडीत सुचलंच नव्हतं. त्यात पाय आधी आत येताना स्पष्ट दिसतोय, आवाजही आहे. आता पुढे काय करू? दाराचा खर्च कोण देतं? आणि पुन्हा असं झालं तर बाबांनी काय करायचं?

प्रतिसाद

ती चित्रफीत लगेच उतरवून दोन ठिकाणी ठेवा, क्लाउडवरून ती काही काळाने पुसली जाते. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रणही ठरावीक मुदतीनंतर काढून टाकतात. ते राखून ठेवा असं लेखी पत्र आधी द्या, प्रत नंतर मागा. चौकट दुरुस्त करायच्या आधी फोटो काढून दोन सुतारांकडून खर्चाचा अंदाज घ्या.

नुकसानभरपाईबाबत फार आशा दाखवत नाही. टेक्ससमधल्या मकिनीत पोलिसांनी एका लपलेल्या गुन्हेगारासाठी निरपराध बाईच्या घराची नासधूस केली. फेडरल अपील न्यायालयाने २०२३ मध्ये तिच्याविरुद्ध निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये प्रकरण ऐकायला नकार दिला. मला हे अन्यायाचं वाटतं. पकडायचं सगळ्यांच्या भल्यासाठी आणि भुर्दंड एकट्या घरमालकाला. तरी शहराकडे दावा कराच. बरीच शहरं लहान रकमा देऊन मोकळी होतात, पण दाव्याची मुदत फार थोडी असते, काही ठिकाणी जेमतेम काही महिने. घराच्या विम्याची पॉलिसीही वाचा. खणांवरून नागरी हक्कांचा दावा लावता येतो, मात्र पोलिसांना मिळणारं कायदेशीर संरक्षण तिथे आडवं येतं. तेवढा खर्च परवडेल का, हे वकिलाशी पहिल्या भेटीतच बोला.

बाबांसाठी एकच इंग्रजी वाक्य पाठ करून घ्या : ‘आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च.’ दार न उघडता, आतूनच म्हणायचं. त्यानंतरही ते आत आले तर हात दिसतील असे ठेवून बाजूला उभं राहायचं, अडवायचं अजिबात नाही. वाक्य एकदा बोललं की बाबांचं काम झालं, पुढचं वकील बघेल. आणि लाँड्रीची किल्ली कुठे आहे ते त्या दारावरच मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहून चिकटवा.