तीन महिन्यांचा गुडघा आणि वाळू

वर एकांनी लिहिलंय की एसीएलच्या (गुडघ्यातलं एक मुख्य लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा) ऑपरेशनला तीन महिने झाले, सूज नाही, दुखत नाही, तर मुलाला आता किनाऱ्यावर पळवा, वाळूत पाय मजबूत होतात. थांबा जरा! माझा भाचा कबड्डीतला चढाईपटू. पाय रोवून वळताना गुडघ्यात कट्‌ झालं आणि लिगामेंट तुटलं. त्याच्या जागी नवा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) बसवला की पहिल्या काही आठवड्यांत तो उलट कमकुवत होतो, मग महिनोन्‌महिने रक्तपुरवठा येऊन लिगामेंटसारखा घडत जातो. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबतं. पोरं फसतात ती इथेच.

सुरुवातीला भाच्याचा व्यायाम काय, तर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, मांडी आवळायची, दहा मोजायचे, सोडायची. "मामा, हा व्यायाम की शिक्षा?" फिजिओने मापाची टेप लावली तेव्हा ऑपरेशनच्या पायाची मांडी दुसरीपेक्षा ३ सेंटीमीटर बारीक निघाली. मग गप्प बसला.

मैदानावर परतायचं ते साधारण ९ महिन्यांनी, आणि तेही दोन्ही पायांची ताकद, एका पायावरची उडी किमान ९० टक्के जुळली तरच. ओहोटीची ओली, घट्ट पुळण चालायला ठीक आहे. सुक्या वाळूत पाऊल कुठे फिरेल सांगता येत नाही.

फिजिओसाठी रत्नागिरीला एसटीने आठवड्यातून दोनदा, भर पावसात जाणं हा वेगळाच व्यायाम. आता आठवा महिना. खळ्यात एका पायावर उड्या चालू असतात, आणि आजी आतून ओरडते, "मेल्या, सुपाऱ्या वाळत घातल्यायत तिथे!"