ताबा लांबला तर वजावटही जाते

‘पहिलं घर असेल तर गृहकर्जाच्या व्याजावर आयकरात साडेतीन लाखांची वजावट मिळते, म्हणून बांधकाम चालू असलेलाच फ्लॅट बुक करा’ हा सल्ला निम्माच बरोबर आहे. त्यातले दीड लाख आयकर कायद्याच्या ८०ईईए कलमाचे. ते फक्त १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या कर्जांना, तेही घराचं मुद्रांकमूल्य (मुद्रांक शुल्कासाठी धरलेली किंमत) ४५ लाखांच्या आत असेल तरच. नव्याने कर्ज काढणाऱ्याने ते हिशेबात धरूच नयेत. राहिले २ लाख, तेही स्वतः राहत्या घरासाठी जुन्या करप्रणालीतच.

आणि या सल्ल्यात नसलेली अट: कर्ज घेतलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून ५ वर्षांत बांधकाम पूर्ण व्हायला हवं. नाहीतर २ लाखांची मर्यादा थेट ३० हजारांवर येते. माझ्या मावसभावाने २०१६च्या जूनमध्ये कर्ज घेतलं, म्हणजे मुदत ३१ मार्च २०२२. बिल्डरने घर पूर्ण केलं त्यानंतरच्या दिवाळीत. तोवर बिचारा घरभाडं आणि हप्ता दोन्ही भरत होता. बांधकामाच्या काळातलं व्याज पुढे ५ समान भागांत वजा करता येतं खरं, पण तेही याच मर्यादेत, म्हणजे त्या ३० हजारांतच. उशीर बिल्डरचा आणि भुर्दंड ग्राहकाला, हे मला अजिबात पटत नाही. बुकिंगआधी महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख आणि त्याला आधी मिळालेल्या मुदतवाढी नक्की बघा.