जुलैत सेशेल्स: मुलांना घेऊन किती बेटं?

प्रेषक: दोन पिल्लांची आई, बर दुबई

नमस्कार मंडळी,

यंदा जुलैत भारतात न जाता सेशेल्सला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि चार वर्षांचे चिरंजीव. दहा दिवसांत माहे, प्रालँ, ला दीग, क्युरियूज आणि जमलंच तर एखादं पक्ष्यांचं बेट. ह्यांनी एक्सेलमध्ये तक्ता केलाय, दर दोन रात्रींनी मुक्काम हलतो. जाऊन आलेल्यांनी जरा नजर टाका ना. आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं.

प्रेषक: शारजाची ताई

अगं, तक्ता बघूनच दमले! बॅगा भर, बॅगा उपस, यातच पोरं कंटाळतील.

पण माझी खरी हरकत जुलैला आहे. साधारण मे ते सप्टेंबर तिथे आग्नेयेकडून वारा वाहतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर असतो. पाऊस कमी, हवा छान, म्हणून फोटो बघून लोक भुलतात. समुद्र मात्र खवळलेला. माहे ते प्रालँ फेरीबोटीला साधारण तासभर लागतो, आणि त्या दिवसांत कर्मचारी कागदी पिशव्या घेऊन रांगेतून फिरत असतात. आमच्या धाकट्याने माझी ओढणी आणि शेजारच्या जर्मन आजोबांचे बूट, दोन्ही पावन केले. जुलैतच जायचं असेल तर माहेहून प्रालँला छोटं विमान घ्या. पंधरा-वीस मिनिटांत पोचतं, आणि पोरांना पायलट अगदी समोर दिसतो, त्याचीच मजा. प्रालँ ते ला दीग बोट पाव तासाचीच, तेवढं निभतं.

हॉटेलही वारा बघूनच घ्यायचं. जुलैत प्रालँच्या ग्रांद आन्सच्या बाजूला किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग येतात. उत्तरेकडच्या कोट दोरला पाणी त्यामानाने शांत, उथळ. ला दीगलाही तेच: पूर्वेकडचे ग्रांद आन्स (नाव तेच, किनारा दुसरा) आणि पतीत आन्स हे किनारे दिसायला देखणे, पण पाण्याला ओढ भयंकर. वाळूत किल्ले करा, मुलांना पाण्यात सोडू नका. डुंबायला आन्स सोर्स दार्जां. ते मोठमोठे गुळगुळीत ग्रॅनाइटचे खडक असलेलं, सगळ्या जाहिरातींत असतं ते. पुढे प्रवाळाचा बांध असल्यामुळे ओहोटीला चार वर्षांच्या पोराच्या गुडघ्याएवढंच पाणी राहतं. भरतीला वाळूच उरत नाही, म्हणून आदल्या दिवशी भरती-ओहोटीची वेळ विचारून ठेवा.

क्युरियूजला राहायला जायचंच नाही, कोट दोरहून बोटीने दिवसभराची सहल होते. तिथे अल्दाब्रा जातीची महाकाय कासवं मोकळी फिरतात. मानेखाली खाजवलं की कासव चारी पायांवर उठून मान लांबच लांब ताणतं आणि तसंच थांबून राहतं. माझ्या मुलाने हात थांबवला की ते डोळा उघडून बघायचं. पुढे खारफुटीतून लाकडी पुलावरून चालत जायचं, खाली चिखलात खेकडे. आमची पोरं तिथून हलेनात.

थोडक्यात मुक्काम दोनच: प्रालँ आणि ला दीग. माहेला येता-जाता एखादी रात्र, बो व्हालोंला. पक्ष्यांचं बेट चिरंजीव मोठे झाल्यावर.

प्रेषक: करामावाले काका

ताईंना अनुमोदन. कोकणातल्या माणसाला जुलैतल्या समुद्राबद्दल वेगळं सांगायला नको, आपल्याकडे त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तिथे पाऊस कमी एवढंच. ऑक्टोबर किंवा एप्रिल बघा, वारा दिशा बदलत असतो, पाणी स्वच्छ आणि निवांत.

प्रालँचं व्हाले द मे हे जंगल चुकवू नका. 1983 पासून जागतिक वारसा. साधूंच्या हातात काळा कमंडलू बघितलाय ना? तो ज्या दर्याई नारळाचा, त्याची झाडं इथली. एकेक फळ पिकायला सहा-सात वर्षं घेतं. मुलीला उचलून बघायला सांगा, हलणार नाही. विकत घेण्याचा मोह झालाच तर अधिकृत परवान्याचा कागद असलेलाच घ्या, नाहीतर विमानतळावर ठेवून यावा लागेल.

जेवणाचं म्हणाल तर स्वयंपाकघर असलेली घरं भाड्याने मिळतात, तशीच घ्या. डाळ-तांदूळ तिथे मिळतात. भाजणी, मेतकूट, लोणचं बंद पाकिटातलं न्या. ताजी फळं-भाज्या आणि बियाणं नको, तपासणी कडक असते. मलेरिया नाही, डास मात्र आहेत. ला दीगवर सगळा कारभार सायकलवर. मागे मुलाची सीट लावलेली सायकल आदल्या दिवशी सांगून ठेवा, आयत्या वेळी उरतात त्या ब्रेक नसलेल्या.

प्रेषक: दोन पिल्लांची आई, बर दुबई

ताई, काका, खूप आभार. तक्ता रद्द झाला, ह्यांना थोडं लागलंय, पण सावरतील. ऑक्टोबरच्या मधल्या सुट्टीत जातोय: प्रालँ चार रात्री, ला दीग तीन. दिवाळी कार्यक्रमाच्या एका तालमीला लेक नसेल, नाच बसवणाऱ्या ताईंनी कृपया सांभाळून घ्यावं. जुलैत नेहमीप्रमाणे सांगलीलाच, सासूबाई खूश आहेत.

चार वर्षांच्या मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट कुणाकडे पडून आहे का? बर दुबईत कुठेही येऊन घेऊन जाईन.