ड्युएथलॉननंतर गोव्याची अर्ध-आयर्नमॅन: खुल्या पाण्याची धास्ती आणि सायकलनंतरचे धावणे

यवतेश्वर_वारा:

नमस्कार. मी साताऱ्याचा, वय 43, नोकरी बँकेत. यवतेश्वरच्या घाटात धावता धावता सायकलची गोडी लागली आणि गेली काही वर्षे मी ड्युएथलॉन शर्यतींत हौसेने उतरत आहे. 10 किलोमीटर धावणे, 40 किलोमीटर सायकल आणि पुन्हा 5 किलोमीटर धावणे हा माझा नेहमीचा प्रकार. पहिले धावणे आणि सायकल मनासारखी होते, पण शेवटच्या 5 किलोमीटरमध्ये सगळे गणित बिघडते. एरवी जे अंतर मी 26 मिनिटांत धावतो, त्याला तिथे 33 ते 34 मिनिटे लागतात, पोटऱ्यांत गोळे येतात आणि सायकलवर मागे टाकलेली माणसे एकेक करून पुढे निघून जातात.

आता गोव्याच्या 70.3 म्हणजे अर्ध-आयर्नमॅन ट्रायथलॉन शर्यतीचा विचार मनात आहे: 1.9 किलोमीटर समुद्रात पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे. जलतरण तलावात मी दीड किलोमीटर न थांबता साधारण 42 मिनिटांत पोहतो. मात्र मित्रांबरोबर जलाशयात उतरलो की पहिल्या काही मिनिटांतच धाप लागते, तोंड पाण्यात घालवत नाही आणि काठाकडे वळावेसे वाटते. हा दमसासाचा प्रश्न आहे की आणखी कशाचा? ड्युएथलॉनमधील अनुभव ट्रायथलॉनमध्ये कितपत उपयोगी पडतो? आणि यंदाच नोंदणी करावी का? ज्यांनी अशा शर्यती केल्या आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खारे_पाणी:

आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. 42 मिनिटांत दीड किलोमीटर म्हणजे दर शंभर मीटरला 2 मिनिटे 48 सेकंद. त्याच गतीने 1.9 किलोमीटरला सुमारे 53 मिनिटे लागतील. पोहण्यासाठी 1 तास 10 मिनिटे मिळतात, म्हणजे शंभर मीटरला 3 मिनिटे 41 सेकंद लागले तरी चालते. समुद्रात दहा मिनिटे जास्त गेली तरीही आपण वेळेत बाहेर याल, तेव्हा दमसास पुरेसा आहे.

अडते ते श्वास सोडण्यावर. तलावात दर पंचवीस मीटरला भिंत लागते, तिथे पायाने रेटा मिळतो आणि नकळत क्षणभर उसंतही मिळते. तळाला रेघ दिसते आणि शेजारच्याचा हात अंगावर पडत नाही. खुल्या पाण्यात यांपैकी काहीच नसते. आपलाच हात कोपरापुढे दिसत नाही, लाट एका बाजूने तोंडावर येते आणि शर्यतीच्या सुरुवातीला कोणाची तरी लाथ गॉगलवर बसते. अशा वेळी माणूस घाईने श्वास घेत राहतो, पण आतला पुरता सोडत नाही. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्यामुळे गुदमरल्याची भावना होते, प्राणवायू पुरेसा असला तरीही. त्यावर उपाय एकच: तोंड पाण्यात असताना लांब, सलग, बुडबुडे काढत श्वास सोडणे आणि पहिली दोनशे मीटर मुद्दाम इतकी सावकाश पोहणे की मागचे लोक पुढे गेले तरी मनाला लागू नये. गर्दीच्या मागे किंवा बाहेरच्या कडेला उभे राहिले, तर हे सहज जमते.

नियम माहीत असले की भीतीही ओसरते. फ्रीस्टाइलच पोहले पाहिजे अशी सक्ती नसते. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, पाठीवर तरंगून विसावणेही चालते. बचावासाठी असलेल्या कयाकला (छोट्या होडीला) धरून थांबलात, तरी त्याच्या आधाराने पुढे सरकत नाही तोवर आपण बाद होत नाही. गोव्याचे पाणी कोमट असते. 24.5 अंशांपेक्षा गरम पाण्यात वेटसूट (तरंगायला मदत करणारा रबरी पोशाख) घातलेल्या हौशी स्पर्धकांना बक्षिसासाठी गणले जात नाही, तेव्हा त्याच्या तरंगशक्तीवर भिस्त ठेवून तयारी करू नये.

दिशा पाहण्याचा सराव तलावातही करता येतो. दर आठ-दहा हातांनंतर मगरीसारखे फक्त डोळे पाण्याबाहेर काढायचे, समोर पाहायचे आणि मग मान कुशीला वळवून श्वास घ्यायचा. डोके पूर्ण उचलले की कंबर खाली जाते आणि दम तिथेच जातो. समुद्रात बोया, म्हणजे मार्ग दाखवणारा तरंगता फुगा, अनेकदा लाटेआड जातो, म्हणून त्याच्या मागची एखादी इमारत, टेकडी किंवा झाड हेरून ठेवावे. श्वास दोन्ही कुशींना घेता यायला हवा, कारण लाटा कोणत्या बाजूने येतील हे त्या सकाळीच कळते.

घाटवाट:

पोहण्याबद्दल वर उत्तम लिहिले आहे, म्हणून मी सायकल आणि धावणे यांच्यापुरतेच लिहितो. मी पुण्याचा, आपल्यासारखाच ड्युएथलॉनमधून पुढे आलो.

शेवटच्या 5 किलोमीटरचे दुखणे शेवटच्या 5 किलोमीटरमध्ये नसते, ते पहिल्या 10 मध्ये असते. ताज्या पायांनी माणूस आपल्या 10 किलोमीटरच्या सर्वोत्तम वेळेच्या जवळपास धावतो, मग सायकलवर पुढच्याला गाठण्यासाठी जड गिअर ओढतो आणि त्या दोन्हींची किंमत सायकल स्टँडला लावल्यावर मोजतो. पहिले 10 किलोमीटर आपल्या स्वतंत्र वेळेपेक्षा किमान तीन-चार मिनिटे सावकाश धावून पाहा. सायकलच्या शेवटच्या दहा मिनिटांत गिअर हलका करून पाय जलद फिरवावेत. उतरल्यावर पहिला किलोमीटर आखूड पावलांनी धावावे, कारण सायकलवरून उतरल्यावर आपला वेग आपल्याला नीट कळत नाही, घड्याळालाच विचारावा लागतो. दर आठवड्याला एकदा सायकल संपताच लगेच वीस मिनिटे धावण्याचा सराव, ज्याला आपण ब्रिक म्हणतो, तो चुकवू नये. पायांना हा बदल सवयीनेच अंगवळणी पडतो.

घाटात तयार झालेल्या सायकलस्वारांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. घाटात चढावर कितीही जोर लागला तरी उतारावर पाय थांबतात, अंग सैल होते, पाणी पिता येते. लांब सपाटीच्या रस्त्यावर ही विश्रांती मिळत नाही आणि पुढे वाकून धरलेली बैठक सोडवत नाही. त्यातच 70.3 शर्यतीत पुढच्या सायकलच्या आडोशाने जाण्यास मनाई असते. 12 मीटरचे अंतर राखावे लागते, नाही तर पाच मिनिटांची शिक्षा होते. रविवारच्या घोळक्यात 90 किलोमीटर सहज होतात, एकट्याने वाऱ्याला तोंड देत होतातच असे नाही. त्यामुळे साताऱ्याहून महामार्गाच्या सेवा रस्त्यावर किंवा एखाद्या मोकळ्या सपाट रस्त्यावर एकट्याने लांब सायकल चालवण्याचा सराव करा, भले घाटापेक्षा तो कंटाळवाणा असो.

खाणे सायकलवरच होते, धावताना पोट साथ देत नाही. तासाला साधारण 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. मध्यम केळ्यात सुमारे 25 ग्रॅम असतात, बाकीची भर खजूर किंवा साखर-मिठाच्या लिंबूपाण्याने निघते. धावण्याची वेळ येईपर्यंत गोव्यात ऊन चढलेले असते, घाम सुकत नाही, म्हणून मीठ आवश्यक असते. नुसते साधे पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरते आणि ते धोकादायक ठरते.

ट्रान्झिशनमधला, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याच्या जागेतला, हेल्मेटचा नियम आपल्याला ठाऊक असेलच: सायकलला हात लावण्यापूर्वी पट्टा बंद आणि सायकल जागेवर लावल्यावरच उघडायचा. ड्युएथलॉनचा हा अनुभव जसाच्या तसा उपयोगी पडतो.

यंदा गोव्यात रिलेमध्ये, म्हणजे टप्पे वाटून घेणाऱ्या संघात, सायकलचा टप्पा घ्यावा, असे मी सुचवेन. शर्यतीचा माहोल कळेल.

नाडीपरीक्षा:

मी डॉक्टर आहे आणि स्वतः पोहतो. श्वासाबद्दलचे वरचे विवेचन योग्य आहे, परंतु चाळिशीनंतर पाण्यातील धाप केवळ घबराटीची आहे असे गृहीत धरू नये. ट्रायथलॉनमध्ये झालेल्या मृत्यूंपैकी बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात झालेले आहेत आणि त्यांत हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. खुल्या पाण्याचा सराव वाढवण्यापूर्वी रक्तदाब, ईसीजी, स्ट्रेस टेस्ट आणि शक्य असल्यास इकोही (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. पोहताना खोकला सुरू झाला, छातीत घरघर झाली किंवा गुलाबी फेसाळ थुंकी आली, तर फुप्फुसात पाणी साचल्याचे ते लक्षण असू शकते. त्या क्षणी पाण्याबाहेर या आणि थेट रुग्णालय गाठा. एकट्याने जलाशयात कधीही उतरू नका. पाठीमागे बांधायचा भडक रंगाचा फुगा जवळ ठेवा.

यवतेश्वर_वारा:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तपासण्यांची वेळ आजच ठरवली. घाटात मिळणाऱ्या विश्रांतीचा मुद्दा मला कधीच सुचला नव्हता, आणि तो वाचल्यावर माझ्या बऱ्याच शर्यतींचा उलगडा झाला. रिलेची सूचना मोहात पाडणारी आहे. खारे_पाणी, आपले काय मत?

खारे_पाणी:

घाटवाट यांच्याबद्दल आदर ठेवून वेगळे मत मांडते. सायकल आपल्याला येतेच. रिलेत ती चालवून पोहण्याचा प्रश्न जिथल्या तिथे राहील.

कॅलेंडर पाहा. गोव्याची शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होते आणि पावसाळ्यात कोकणचा समुद्र पोहण्यासारखा नसतो. म्हणजे जूननंतर समुद्राची सवय करायला म्हणाल, तर शर्यतीआधी जेमतेम काही आठवडे हाती राहतात. खरा हंगाम डिसेंबर ते मे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरमध्ये राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते, त्यात वेगवेगळ्या अंतरांचे गट असतात आणि लहान मुलांपासून ज्येष्ठांपर्यंत सगळे उतरतात. त्या गर्दीत, त्या लाटांत, बचाव पथक हाताशी असताना एकदा पोहून पाहा. त्यानंतर मेपर्यंत जमेल तेव्हा किनारा गाठून सोबतीने दोन-दोन किलोमीटर पोहा. इतके करून पहिल्या दोनशे मीटरांत श्वास लयीत राहू लागला, तर पुढच्या वर्षीच्या गोव्यासाठी नोंदणी करा, आणि तीही रिलेत नव्हे, एकट्याच्या नावावर.